जुना सर्व्हर : सौद्याचा भाव आणि घरात पडलेला भाव

जुने यंत्र विकत घेणे ही भिवंडीच्या माणसाला नवी गोष्ट नाही. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग आपल्या वडीलधाऱ्यांनी घेतले, दुरुस्त केले, चालवले आणि त्यावर घरे उभी केली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे पुष्कळ काम यंत्रमागांकडे वळले, तेव्हाही आपल्या कामी आले ते हेच जुने माग. पुढे परदेशात वापरलेले रॅपिअर माग आले, तेही आपण घेतले. त्यामुळे ‘जुने आहे, पण चालते’ हे शब्द कानावर पडले की आपला हात आपोआप खिशाकडे जातो. या सवयीने आपल्याला पुष्कळ दिले आहे. परंतु हीच सवय आता एका वेगळ्या जागी आपले नुकसान करीत आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. ती जागा म्हणजे आपल्या पेढीवरचा संगणक, आणि त्यातही जुना सर्व्हर.

आमचा धंदा ग्रे कापडाचा. भिवंडीत पेढी व गोदाम आणि कल्याणला विक्रीची लहानशी जागा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. संगणकाचे शास्त्र आम्हाला येते असा आमचा दावा नाही. मात्र सौदा कसा तपासावा हे येते, निदान येते असे आम्ही समजत होतो. ज्या सौद्यात आम्ही चुकलो तो व्यापारी बंधूंपुढे उघड मांडण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. एकाच्या चुकीने दहा जण वाचत असतील तर ती चूक सांगितलेली बरी.

आमचा सौदा

२०२२ साली आमच्या पेढीवर पाच संगणक झाले होते. हिशेब टॅलीवर, आणि कोणत्या विणकराला किती बीम दिले व त्याच्याकडून किती तागे परत आले याची नोंद दुसऱ्या एका प्रोग्रामवर. ई-इन्व्हॉइसची मर्यादा झपाट्याने खाली येत होती. १ एप्रिल २०२२ पासून २० कोटींच्या उलाढालीवर, १ ऑक्टोबर २०२२ पासून १० कोटींवर, आणि पुढे १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर ती आली. आज ना उद्या आपली पाळी येणार हे दिसत होते. पाच संगणकांवर पाच ठिकाणी हिशेब नको, सर्व एका जागी असावा, म्हणून सर्व्हर घ्यावा असे ठरले. सर्व्हर म्हणजे दुसरे काही नव्हे. पेढीतील सर्व संगणक ज्याच्याकडून आपला हिशेब मागून घेतात आणि ज्याच्याकडे ठेवतात, तो रात्रंदिवस चालणारा एक मजबूत संगणक.

मुंबईच्या बाजारात एका दुकानदाराने २४ हजार रुपयांत एक सर्व्हर दाखवला. म्हणाला, “शेठ, नवा घ्याल तर दोन-अडीच लाख. हा बँकेतून निघालेला माल आहे, एकदम मजबूत. रॅमच्या २४ जागा आहेत, पाहिजे तेवढी वाढवा.” आम्ही जसा माग पाहतो तसाच तो पाहिला. चालू करून बघितला, आवाज ऐकला, लोखंड हाताने चाचपले. चालत होता. भाव थोडा खाली आणण्याचा प्रयत्न केला, आला नाही. रोख मोजून दिले आणि टेम्पोत घालून घरी आणला.

त्यानंतर दीड वर्षात त्यावर जो खर्च झाला तो आमच्या वहीतून जसाच्या तसा देतो :

सर्व्हर – २४,००० रुपये
रॅम – ८,००० रुपये
दुसरा प्रोसेसर, त्याच्या पंख्यासह – ६,५०० रुपये
दोन एसएसडी डिस्क व त्या बसवण्याच्या चौकटी – १४,००० रुपये
डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाची बॅटरी – ३,५०० रुपये
मोठा यूपीएस – १८,००० रुपये
मेकॅनिकच्या फेऱ्या – ६,००० रुपये
एकूण – ८०,००० रुपये

म्हणजे सौद्याचा भाव २४ हजार आणि घरात पडलेला भाव ८० हजार. विजेचे बिल यात धरलेले नाही. त्याकडे पुढे येतो.

यातील दुसऱ्या प्रोसेसरची कथा सांगण्यासारखी आहे. रॅम आणून रिकाम्या जागांत बसवली, पण यंत्राला ती दिसेचना. मेकॅनिक म्हणाला, दुसरा प्रोसेसर बसवल्याशिवाय या जागा चालत नाहीत. हे त्याचे म्हणणे खरेच होते. दोन प्रोसेसरच्या यंत्रात रॅमच्या निम्म्या जागा एका प्रोसेसरच्या ताब्यात आणि निम्म्या दुसऱ्याच्या ताब्यात असतात. एकच प्रोसेसर असेल तर २४ पैकी १२ जागा बंद. म्हणून आम्ही दुसरा प्रोसेसर घेतला. नंतर मुंब्र्याला राहणारा आमचा भाचा आला, त्याने झाकण उघडले आणि हसू लागला. “मामू, पहिल्या प्रोसेसरच्या बाजूला आठ जागा रिकाम्या होत्या. रॅम इकडची काढून तिकडे लावली असती तरी काम झाले असते.” साडेसहा हजार रुपये देऊन आम्ही हा एक धडा विकत घेतला.

माग आणि सर्व्हर यांत फरक काय

आमची खरी चूक भावात नव्हती, समजण्यात होती. आम्ही सर्व्हरला माग समजलो.

जुना माग झिजतो. त्याचा दात, खिळा, गिअर, पिकिंग स्टिक जे झिजेल ते भिवंडीत मिळते. नाही मिळाले तर लेथवर करून मिळते, ओतून मिळते. पन्नास वर्षांच्या मागाचा सुटा भाग आजही बनू शकतो, कारण तो लोखंडाचा आणि लाकडाचा आहे व तो बनवणारा कारागीर आपल्या गल्लीत बसलेला आहे. मागाचे वय त्याच्या झिजेवरून कळते.

सर्व्हर तसा झिजत नाही. दहा वर्षांचा सर्व्हर पहिल्या दिवशी चालत होता तितकाच आजही चालू शकतो. त्याचे वय त्याच्या पिढीवरून ठरते. त्याला लागणारी रॅम, कार्ड, प्रोसेसर हे त्या पिढीपुरतेच बनतात, आणि पिढी उलटली की कंपन्या ते बनवणे थांबवतात. मग राहतो तो फक्त इतरांच्या मोडीत निघालेल्या यंत्रांतून काढलेला माल. हा भाग कोणी लेथवर करून देत नाही. म्हणजे मागाच्या बाबतीत जो अनुभव आपल्याला वाचवतो, तोच येथे फसवतो.

दुसरा फरक सुधारणेचा. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारची पॉवरटेक्स इंडिया ही योजना भिवंडीतूनच सुरू झाली. तिच्यात साध्या मागाला जागेवरच जोडसाहित्य बसवण्यासाठी अनुदान होते. ताण्याचा किंवा बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी व्यवस्था, बीमचा ताण नीट सोडणारी व्यवस्था वगैरे. ज्यांनी ते बसवले त्यांच्या कापडातील दोष कमी झाले, हे चांगलेच झाले. पण त्यातील प्रत्येकाला ठाऊक होते की एवढे करूनही माग धोट्याचाच राहणार, तो रॅपिअर होणार नाही. हे भान आपण मागाच्या बाबतीत ठेवतो. सर्व्हर घेताना मात्र ‘पुढे वाढवता येईल’ या एका वाक्यावर आपण पैसे मोजतो.

पिढी कशी ओळखावी

इंग्रजी कमी येणाऱ्या बंधूंसाठी एक सोपी खूण देतो. डेल कंपनीच्या पॉवरएज सर्व्हरवर आर७२०, आर७३०, आर७४० असे आकडे असतात. त्यातील मधला आकडा पिढी सांगतो. ७२० म्हणजे २०१२ सालची पिढी, ७३० म्हणजे २०१४ ची आणि ७४० म्हणजे २०१७ ची. एचपीच्या प्रोलायंट सर्व्हरवर जेन ८, जेन ९, जेन १० असे लिहिलेले असते. त्यांची वर्षेही अनुक्रमे तीच. दुकानदार ‘थोडा जुना आहे’ म्हणतो तेव्हा हा आकडा वाचावा आणि वर्षे स्वतः मोजावीत.

या पिढ्यांमधील भिंती उंच आहेत. ७२० आणि जेन ८ यांना डीडीआर-३ जातीची रॅम लागते. ७३०, ७४० तसेच जेन ९, जेन १० यांना डीडीआर-४. एका जातीची रॅम दुसऱ्या जातीच्या जागेत बसतच नाही. प्रोसेसरचेही तसेच. २०१२ च्या पिढीत इंटेलच्या झिऑन ई५ मालिकेचे पहिले आणि दुसरे रूप चालते, आणि दुसरे रूप बसवायचे तर आधी बायोस नवे करावे लागते. तिसरे रूप त्या खाचेत बसत नाही. शिवाय काही कंपन्या बायोसची नवी आवृत्ती फक्त देखभालीचा करार असलेल्या ग्राहकालाच देतात. तिसऱ्या हाताने घेणाऱ्याकडे असा करार कोठून असणार?

म्हणजे सर्वात जुनी पिढी सर्वात स्वस्त मिळते, पण तिच्या सुधारणेवर घातलेला पैसा तिच्याबरोबरच संपतो. आमची आठ हजारांची रॅम आज पेटीत पडून आहे. ती कोणत्याही नव्या यंत्राला लागत नाही, आणि सर्व्हरची असल्यामुळे घरच्या साध्या संगणकालाही लागत नाही.

दुकानदार न सांगणारे चार खर्च

पहिला खर्च रॅमचा. तिचे भाव सुतासारखे आहेत. कापसाचे पीक कोठे बुडाले, निर्यात कोठे वाढली, की आपल्याकडे सूत चढते. रॅम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात प्रामुख्याने तीनच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली तशी या कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली, जुन्या जातीच्या रॅमचे उत्पादन आवरते घेतले, आणि २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जोराने चढले. जो ‘आज यंत्र घेऊ, रॅम पुढे स्वस्त झाल्यावर घेऊ’ म्हणून थांबला तो अडकला. म्हणून जेवढी रॅम लागणार तेवढी सौद्यातच भरून घ्यावी.

दुसरा खर्च डिस्कचा. जुन्या सर्व्हरबरोबर येणाऱ्या डिस्क हजारो तास फिरलेल्या असतात. त्या किती तास चालल्या याची नोंद डिस्कमध्येच असते आणि जाणकार ती पाच मिनिटांत वाचून दाखवतो. नवी डिस्क घ्यायची तर तिला त्या पिढीची चौकट लागते, ती वेगळी विकत घ्यावी लागते. डिस्क सांभाळणाऱ्या कार्डावर एक लहान बॅटरी असते. ती मेली की कार्ड सावधगिरीने काम करू लागते आणि यंत्र मंदावते. आपण समजतो प्रोसेसर कमी पडला, आणि नको तेथे पैसा घालतो.

तिसरा खर्च परवान्याचा. हा सर्वात मोठा आणि सर्वात झाकलेला. आमच्या दुकानदाराने ‘सगळे टाकून’ दिले होते. ते कोणाच्या नावावर आहे हे आम्ही विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही. त्यात होते विंडोज सर्व्हर २०१२ आर२, ज्याची सुरक्षा-दुरुस्ती १० ऑक्टोबर २०२३ रोजी बंद झाली. त्यापुढची २०१६ ची आवृत्तीही १२ जानेवारी २०२७ पर्यंतचीच. नवी घ्यावी म्हटले तर तिचा परवाना प्रोसेसरच्या आतील कोर मोजून द्यावा लागतो. किमान १६ कोरचा घ्यावाच लागतो, आणि त्याहून जास्त कोर असतील तर तेवढे जास्त पैसे. शिवाय वापरणाऱ्या प्रत्येकामागे वेगळा परवाना. आमच्या यंत्रात आता दहा-दहा कोरचे दोन प्रोसेसर. म्हणजे ज्या दुसऱ्या प्रोसेसरची मुळात गरज नव्हती, त्याने परवान्याचा खर्चही वाढवून ठेवला. तो आकडा ऐकला तेव्हा तो यंत्राच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेला होता. लिनक्स मोफत मिळते आणि फाइली ठेवण्यास उत्तम आहे, हे खरे. पण ते लावणारा आणि सांभाळणारा माणूस आपल्याकडे हवा, आणि आपला तागे-नोंदणीचा प्रोग्राम त्यावर चालायला हवा. आमचा चालत नव्हता.

चौथा खर्च विजेचा. आमच्या सर्व्हरचे ओढणे मोजले तर ते १८० वॅट निघाले, काम असो वा नसो, दिवसरात्र. महिन्याला सुमारे १३० युनिट. आमच्या पेढीच्या मीटरवर सर्व आकार धरून युनिटमागे १४ रुपये पडतात. म्हणजे महिन्याला १,८२० आणि वर्षाला २१,८४० रुपये. २४ हजारांच्या यंत्राचे वर्षाचे वीजबिल जवळजवळ २२ हजार! आज आमच्याकडे जो साधा संगणक तेच काम करतो तो ४० वॅट ओढतो, वर्षाला ४,९०० रुपयांच्या आत. तीन वर्षांचा फरक पन्नास हजारांच्या वर जातो. शिवाय ओढलेली सारी वीज उष्णता होऊन खोलीत येते, तिला थंड करण्याचा खर्च निराळा, आणि पंख्यांच्या आवाजाने मुनीमजींचे डोके दुखते ते वेगळेच. जो कारखानदार मागाच्या मोटरचा वीजवापर रुपयारुपयाने मोजतो, तो पेढीवरच्या यंत्राचा वापर कधीच मोजत नाही, हे नवल आहे.

हिशेब गेला तेव्हा

एवढे सगळे नुकसान पैशाचे होते, ते सोसता आले. जे पुढे घडले ते पैशाने मोजण्यासारखे नव्हते.

डिसेंबर २०२३ मध्ये, जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या धावपळीत, डिस्क सांभाळणारे कार्ड बंद पडले. त्या पिढीचे कार्ड शोधून आणण्यास नऊ दिवस लागले. आणल्यावरही हिशेब सगळा परत आला नाही. आमची राखीव प्रत होती, पण ती त्याच यंत्राच्या दुसऱ्या डिस्कवर! बाहेर असलेली शेवटची प्रत सहा आठवडे जुनी होती. सहा आठवड्यांतील बीम आणि तागे आम्ही चलानांवरून पुन्हा भरले. दोघा मुलांनी रात्री बसून काम केले.

एका विणकराच्या खात्यात अकरा तागे कमी निघाले. आमच्याकडे चलान नव्हते. तो म्हणाला, “शेठ, मी दिलेत.” त्याच्याजवळ एक लहान वही होती, उर्दूत पेन्सिलीने लिहिलेली, तारीखवार. त्याचे बाकीचे सगळे आकडे आमच्या चलानांशी तंतोतंत जुळले. त्या अकरा ताग्यांची मजुरी आम्ही त्याच्या वहीवरून दिली. पण घरी आल्यावर झोप लागली नाही. ऐंशी हजारांच्या आमच्या यंत्रापेक्षा वीस रुपयांची त्याची वही जास्त भरवशाची ठरली होती. आणि ज्याच्याजवळ वहीही नाही, अशा एखाद्याचे तागे आमच्या हिशेबातून गळले असतील तर? तो मागायला येणारही नाही, आणि आम्हाला कळणारही नाही.

व्यापारी बंधूंनी ही गोष्ट मनावर घ्यावी. आपल्या यंत्रात जो हिशेब आहे तो फक्त आपला नाही. त्यात विणकराची मजुरी आहे, सूतवाल्याचे देणे आहे, सायझिंगवाल्याचे बिल आहे. ती दुसऱ्याची अमानत आहे. स्वतःचा पैसा जोखमीत घालण्याचा आपल्याला अधिकार आहे, दुसऱ्याची अमानत जोखमीत घालण्याचा नाही.

कायद्याचीही बाजू आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावा लागतो. २०२२-२३ चे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतचे, म्हणजे तो हिशेब २०२९ च्या अखेरपर्यंत हवा. २०१२ सालच्या पिढीचा सर्व्हर तेव्हा सतरा वर्षांचा असेल. हिशेबाचे आयुष्य यंत्राच्या आयुष्याहून मोठे आहे. म्हणून पैसा आधी प्रतींवर घालावा, मग यंत्रावर.

मग जुना सर्व्हर घ्यावा की नाही?

आमचे मत असे की, ज्याच्या पेढीवर पाच-दहा संगणक आहेत आणि काम टॅली व नोंदणीचे आहे, त्याला जुन्या सर्व्हरची गरजच नाही. चांगल्या कंपनीचा एक साधा संगणक, त्यात दोन एसएसडी म्हणजे एकीवरचे दुसरीवर आपोआप उतरेल, आणि विंडोजचा स्वतःच्या नावाचा प्रो परवाना. त्यावर वीस संगणकांपर्यंत फाइली घेण्याची मुभा असते. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही ४८ हजारांत हेच केले आणि तेव्हापासून तेच चालू आहे. हाच मार्ग आधी धरला असता तर ऐंशी हजार वाचले असते.

ज्याच्याकडे पंचवीस-तीस माणसे एकाच प्रोग्रामवर बसतात, जॅकार्डच्या डिझाइनच्या मोठ्या फाइली आहेत, किंवा शाळा-दवाखान्यासारखे काम आहे, त्याने सर्व्हर अवश्य पाहावा, आणि जुनाही पाहावा. पण तो शक्य तितका अलीकडचा घ्यावा, लागणाऱ्या सर्व भागांसह पुरा भरलेला घ्यावा, आणि ‘नंतर वाढवू’ या हिशेबाने मुळीच घेऊ नये. तसेच संगणक शिकणाऱ्या मुलासाठी घरी जुना सर्व्हर आणणे वाईट नाही. आमच्या भाच्याने असेच एक यंत्र उघडून-जोडून जे शिकले, ते त्याला नोकरीत उपयोगी पडले. शिकण्यासाठी घेतलेले यंत्र बंद पडले तर धडा मिळतो. पेढीवरचे बंद पडले तर हिशेब जातो.

सौद्यापूर्वी एवढे विचारावे

यंत्राची पिढी कोणती आणि साल कोणते? प्रोसेसर एक की दोन, कोर किती? रॅम कोणत्या जातीची, किती भरलेली, आणि चालू असलेल्या जागा किती? डिस्क किती तास चालल्या? कार्डाची बॅटरी कधी बदलली? परवाना कोणाच्या नावावर? यंत्र किती वॅट ओढते? बंद पडल्यास हाच भाग किती दिवसांत आणि कोठून मिळेल?

या प्रश्नांची उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. बिल घ्यावेच. बिनबिलाच्या रोखीच्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, आणि माल कोठून निघाला याचा पुरावाही आपल्याजवळ राहत नाही. जुन्या मालाचे काही व्यापारी नियम ३२(५) प्रमाणे फक्त आपल्या नफ्यावर कर भरतात. त्यांच्या बिलावर आपल्याला पूर्ण किमतीवरचे क्रेडिट मिळणार नाही, हे भाव ठरवतानाच धरावे. आणि सौदा ठरवण्याआधी कागदावर चार ओळी मांडाव्यात : यंत्राची किंमत, सुधारणेचा खर्च, परवाना आणि तीन वर्षांची वीज. या चारांची बेरीज हाच खरा भाव होय. ती नव्या यंत्राच्या जवळ जात असेल तर जुने घेण्यात अर्थ नाही.

यंत्र कोणतेही असो, प्रती तीन असाव्यात. एक पेढीवर, एक दुसऱ्या ठिकाणी, एक घरी. २६ जुलै २००५ चा पूर कल्याण-भिवंडीकरांना सांगायला नको. तळमजल्यावरचे यंत्र आणि त्याच टेबलाच्या खणातील प्रत, दोन्ही एकाच पाण्यात जातात. आमची एक प्रत आता दर शुक्रवारी कल्याणला जाते, आणि महिन्यातून एकदा ती खरोखर उघडते की नाही हे आम्ही स्वतः पाहतो.

शेवटी जुना माल विकणाऱ्या बंधूंना दोन शब्द. त्यांतही आपलेच पुष्कळ लोक आहेत. आपल्या बाजारात कापडाचा तागा उलगडून त्यातील ऐब आधी दाखवण्याची रीत आहे. डागी माल डागी म्हणूनच विकला जातो, आणि त्यालाही गिऱ्हाईक मिळते. संगणकाच्या बाजारातही हीच रीत यावी. ‘पिढी जुनी आहे, रॅम महाग पडेल, परवाना नाही’ एवढे स्पष्ट सांगून विकणाऱ्याचे गिऱ्हाईक एक वेळ कमी होईल, पण जे येईल ते पुन्हा येईल.

आणि आपल्या व्यापारी संघटनांनी एक काम हाती घ्यावे. दहा-दहा पेढ्या मिळून एक जाणता तरुण पगारावर ठेवावा, ज्याला काही विकायचे नाही. त्याच्या एका सल्ल्याने दहा पेढ्यांचे पैसे वाचतील. मागासाठी आपण चांगला जॉबर शोधतो, त्याला मान देतो, सणाला त्याच्या घरी मिठाई पाठवतो. हिशेबाच्या यंत्रासाठी मात्र जो आला तो मेकॅनिक चालतो. ही रीत बदलली पाहिजे.

तो विणकर आजही आमच्याकडे तागे घेऊन येतो. आमच्या संगणकावर नोंद झाली की आम्ही पडदा त्याच्याकडे वळवतो, आणि तो आपली वही काढून आकडा जुळवून घेतो. आम्हीच त्याला सांगून ठेवले आहे की वही बंद करू नकोस.